पाण्यातली बारा डोकी

सोमवारी सकाळी लॅबमध्ये कॅमेरे बसले. बसवणारा माणूस काउंटरवरच्या रेणूला मागचं चित्रीकरण कसं पाहायचं ते शिकवत होता, आणि लिलाधर सहज तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. पडद्याचे चार भाग. एकात दार, एकात बाकावर बसलेले पेशंट, एकात फ्रीज, आणि चौथ्यात वरून दिसणारी आतली खोली. तिथे मायक्रोस्कोपवर वाकून कोणीतरी बसलेलं होतं. पन्नाशीचा माणूस असावा. डोक्याच्या मधोमध बशीएवढी जागा उघडी पडलेली, भोवती विरळ केस, आणि ट्यूबलाइटचा उजेड नेमका त्या जागेवर. लिलाधरला त्या माणसाची कीव आली. आपल्या जागेवर आपल्याला न विचारता कोणाला बसवलं म्हणून थोडा रागही आला. ‘रेणू, हे काका कोन व?’ त्याने विचारलं. रेणूने आधी पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. ‘अजी सर,’ ती अगदी हळू म्हणाली, ‘तुमीच तर आहा ना. दहा मिनटाआधीचं आहे.’ कॅमेरेवाला हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने समजूतदारपणे स्क्रू आवळायला घेतला.

दिवसभर लिलाधरला डोक्यावर हवा लागत राहिली. पंखा रोजचाच होता, रोजच्याच गतीने फिरत होता, पण आज त्याची हवा बरोबर त्या बशीएवढ्या जागेवर उतरते आहे असं त्याला वाटे. अठ्ठावीस वर्षांचं वय. गेली दोन वर्षं तो कपाळाच्या दोन कोपऱ्यांवर नजर ठेवून होता. आरशासमोर उभं राहून, भुवईपासून केसांपर्यंत बोटं ठेवून, तीन बोटं, साडेतीन बोटं, असं मोजमाप चालायचं. समोरच्या दारावर पहारा द्यावा आणि चोरी मागच्या दाराने व्हावी, तसं झालं होतं. आणि मागची बाजू सगळ्या भंडाऱ्याला माहीत होती! त्याचं कामच असं की दिवसभर मान खाली. रक्ताचे थेंब काचेवर पसरायचे, डोळा भिंगाला लावायचा, पेशी मोजायच्या. सहा वर्षांत जेवढे पेशंट आले तेवढ्यांनी त्याचा चेहरा कमी आणि टाळू जास्त पाहिली असणार. त्यांच्यातल्या एकानेही काही म्हटलं नाही. लोक किती चांगले असतात, या विचाराने त्याला आणखीच वाईट वाटलं.

उपाय काही कमी झाले नव्हते. कांद्याचा रस झाला, त्याचा वास लॅबभर पसरला आणि रेणूने दोन दिवस नाकाला ओढणी लावून काम केलं. जास्वंदीची पानं वाटून झाली. करंजाचं तेल झालं, तेव्हा उशीची खोळ पिवळी पडली. मोबाईलवर एक डॉक्टर रोज सकाळी सांगत असे की काळजी केल्याने केस गळतात, म्हणून काळजी करू नका. ते ऐकल्यापासून लिलाधरला आपण काळजी करतो याची काळजी लागली. मेडिकलमधून आणलेलं औषध तो दोन्ही वेळा सहा सहा थेंब टाकत होता. आंघोळीनंतर मोरीच्या जाळीवरचे केस उचलायचे, ओल्या फरशीवर रांगेत मांडायचे आणि मोजायचे, हा त्याचा नेम होता. पेशी मोजणाऱ्या माणसाला मोजल्याशिवाय राहवत नाही. आज एक्केचाळीस, काल अडतीस. त्या तीन केसांवरून त्याचा अख्खा दिवस ठरायचा.

त्याच संध्याकाळी गोपीचंदमामाचा फोन आला. रविवारी गावची मंडई. दिवाळी झाली की भंडारा जिल्ह्यातली गावं एकामागून एक मंडई भरवतात. दुकानं लागतात, दिवसा दंडारीचा नाचगाण्यांचा खेळ, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. पाहुणे म्हणजे नुसते जेवायला आलेले पाहुणे नव्हेत. लग्नाची पोरं आणि पोरी कोणाच्या घरी आहेत, त्या घरी कोण कोण उतरतं, हे गाव बरोबर पाहतं. ‘लाखांदूरवरून ते लोक येऊन राहिले,’ मामा म्हणाला, ‘पोरगी बी संग येते. नीतू नाव आहे. ग्रामपंचायतीत कंप्युटरवर बसते. तुहा फोटो पाहून तिची माय म्हणे, पोरगा हीरोसारखा आहे.’ बायोडाट्यातला फोटो तीन वर्षांपूर्वीचा होता. त्यात कपाळावर केसांची झुलपी होती, आणि ती फुंकर मारून वर केलेली होती. तो फोटो बदलायचा असं त्याने किती वेळा ठरवलं, आणि दर वेळी नवा फोटो काढून, पाहून, पुसून टाकला. ‘मामा, तारीख पुढं नाई ढकलता येत?’ असं त्याने विचारलं. ‘मंडई कायले पुढं ढकलतील गा तुह्यासाठी?’ मामा म्हणाला आणि फोन ठेवला.

रात्री तो पडून राहिला तेव्हा मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आला नाही, बाबांचं डोकं आलं. बाबा, म्हणजे इश्वर, गावच्या तलावात मासे धरणारे. मच्छीमार सोसायटी निघाली त्याच्या आधीपासून धरणारे. लिलाधरला कळायला लागलं तेव्हापासून त्यांच्या डोक्यावर एक केस नव्हता, आणि हे फार कोणाला माहीतही नव्हतं, कारण डोक्याला दुपट्टा असे. लाल चौकड्यांचा, धुऊन धुऊन मऊ झालेला. जेवताना दुपट्टा, बाजारात दुपट्टा, लग्नाच्या मांडवातही दुपट्टा. तो निघायचा फक्त पाण्यात उतरताना, आणि निघाला की लिलाधरच्या हातात यायचा. ‘धर,’ एवढंच बाबा म्हणायचे. मग पाच वर्षांचा लिलाधर तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, दुपट्टा छातीशी धरून बसायचा. त्याला बाबांच्या घामाचा आणि बिडीचा वास यायचा. बारा माणसं मोठं जाळं घेऊन गळ्याइतक्या पाण्यात जायची आणि पाण्यावर बारा डोकी उरायची. अकरा काळी. एक चमकणारं. ऊन चढलं की ते आणखी चमकायचं, आणि कितीही लांब गेलं तरी लिलाधरला सापडायचं. इतर पोरं पारीवर रडायची, बा कुठं गेला म्हणून. लिलाधर कधी रडला नाही.

आणि मग तो दिवस. तो सानगडीच्या शाळेत नववीला होता. वर्गातली तीन पोरं सायकलवरून तलावाच्या पारीवरून जात होती, तोही त्यांच्याबरोबर होता. जाळं काठाजवळ आलेलं. एका पोराने पाय टेकून सायकल थांबवली आणि विचारलं, ‘तो टकल्या कोन आहे बे?’ सगळे हसले. लिलाधरही हसला. आणि म्हणाला, ‘मले काय मालूम.’ मोठ्यानेच म्हणाला, म्हणजे शंका राहू नये. पाण्यावरून आवाज लांब जातो, हे मासे धरणाऱ्या ढिवराच्या पोराला कोणी सांगावं लागत नाही. पाण्यातलं ते डोकं वळलं नाही. ते जाळ्याकडेच पाहत राहिलं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर बाबांनी दुपट्टा स्वतःच दोरीवर वाळत टाकला. त्यानंतर लिलाधर पारीवर गेला नाही. आधी परीक्षा होती, मग भंडाऱ्याचं कॉलेज, मग नोकरी. बाबांना ऐकू गेलं होतं की नाही, हे चौदा वर्षांत त्याला विचारता आलं नव्हतं. केस गळायला लागले तेव्हा पहिला विचार त्याच्या मनात आला तो अनुवंशाचा नव्हता. हे आपल्याला मिळालेलं आहे, असा होता. मिळायलाच हवं होतं.

गुरुवारी त्याने पावडर मागवली, शनिवारी सकाळी ती आली. काळी, मऊ, डबीला मिरपुडीसारखी भोकं. विरळ जागेवर शिंपडायची, ती केसांना चिकटते, आणि टाळू दिसेनाशी होते. खोलीची कडी लावून त्याने करून पाहिलं, मोबाईलने डोक्याचा फोटो काढला, आणि त्याच्या तोंडून आपोआप ‘अरे!’ निघालं. बशी गायब होती. डबीवर लिहिलं होतं की घामात टिकते, वाऱ्यात टिकते, हलक्या पावसातही टिकते. तलावाचं काही लिहिलेलं नव्हतं. डबी बनवणारा माणूस ज्या गावचा असेल तिथे तलाव नसतील. पण लिलाधर तरी कुठला होता? पावलापावलाला तळं असलेल्या जिल्ह्यातला, मासे धरणाऱ्याच्या घरातला पोरगा, मंडईसाठी डोक्याला पावडर लावून निघाला होता, आणि मंडईच्या सकाळी पाहुण्यांच्या रश्शासाठी तलावात जाळं पडतंच, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. इतकी वर्षं तो पारीपासून लांब राहिला होता.

शनिवारी संध्याकाळी गावी घरी पोचल्यावर आई, रेवताबाई, डोक्यावरून हात फिरवायला पुढे आली आणि तो मागे सरकला. ‘काहून रे?’ ती म्हणाली. ‘घाम आहे,’ तो म्हणाला. बाबा अंगणात बसले होते, दुपट्ट्यासकट. ते खोकले. पावसाळ्यात त्यांना छातीचा आजार झाला होता. रक्त लिलाधरनेच काढलं, रिपोर्ट त्यानेच छापला, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की पाण्यात उभं राहिलात तर राहा, बुडी मारायची नाही. बाबांनी मान डोलावली होती. मान डोलावणं हा त्यांचा वाद टाळायचा मार्ग होता.

रविवारी सकाळी नऊच्या एसटीने पाहुणे आले आणि चहा होताच तलावाकडे निघाले, कारण मंडईच्या सकाळी सगळेच तिकडे जातात. नीतूचे आईवडील, मामा, रेवताबाई, आणि थोडी मागे नीतू. लिलाधर इस्त्रीच्या शर्टात, मान ताठ ठेवून चालत होता. वाकलो नाही म्हणजे झालं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. नीतू काय बोलत होती ते त्याला अर्धं ऐकू येई. ती सावळी, उंच, आणि बोलताना थेट तोंडाकडे पाहणारी होती. ‘तुमी लॅबमंधी रक्त पाहता म्हने,’ ती म्हणाली. ‘हव,’ तो म्हणाला. ‘भेव नाई वाटत?’ ‘नाई.’ तिने एकदा त्याच्या केसांकडे पाहिलं असं त्याला वाटलं, आणि पावडरखाली टाळूला खाज सुटली. शेतांत धान कापलेला होता, बांध्यांमधून ओला वास येत होता. पारीवर पोचले तेव्हा त्याच्या पायांना वाट ओळखीची लागली. तो दगड होता, ज्यावर तो बसायचा. दगडावर दुपट्टा घडी करून ठेवलेला होता. बाबा पाण्यात होते, आणि बारा डोकी पाण्यावर.

त्याने मोजायच्या आधीच त्याला ते सापडलं.

जाळं निम्म्यावर आलं आणि थांबलं. पाण्याखाली जुन्या बाभळीचा खुंट आहे, त्यात खालची दोरी अडकली. खुंट सगळ्यांना माहीत, पण बुडी मारून दोरी सोडवायचं काम वर्षानुवर्षं इश्वरचं. बाकीच्यांनी हात सोडला असता तर जाळं ढिलं पडून मासे खालून निघून गेले असते. बाबांनी आपलं टोक शेजारच्याच्या हाती दिलं, दोन पावलं पुढे गेले आणि थांबून खोकले. तो खोकला पाण्यावरून सरळ लिलाधरच्या कानात आला. मग त्यांनी छाती भरून घ्यायला सुरुवात केली. एकदा. दुसऱ्यांदा. रिपोर्टवरचे सगळे आकडे लिलाधरला तोंडपाठ होते. डोक्यावर पावडर आहे हेही त्याला त्या क्षणी स्वच्छ आठवलं. विसरला असता तर गोष्ट सोपी झाली असती. नीतू हाताच्या अंतरावर उभी होती. ‘बाबा, थांबा!’ तो ओरडला, ‘मी येऊन राहिलो!’ आणि चपला, मोबाईल, घड्याळ दगडावर टाकून इस्त्रीच्या शर्टासकट तो पाण्यात शिरला. मागून आईने काहीतरी म्हटलं.

पाणी थंड होतं. गळ्याशी आलं तेव्हा त्याने श्वास घेतला आणि खाली गेला. खाली हिरवट अंधार, कानांत दाब, आणि हातांना चिखल, दोरी, मग खुंटाची सालं. हात विसरले नव्हते. दोरी वरून ओढायची नाही, खालून पुढे ढकलायची, हे बाबांनीच शिकवलं होतं, याच खुंटावर, तो अकरा वर्षांचा असताना. डोक्यावरून पाणी वाहत होतं आणि त्या उघड्या जागेला त्याचा गारवा स्वच्छ कळत होता. केसांतून कळला नसता इतका. जाळ्यात एक मोठा मासा त्याच्या गालाला घासून गेला. त्याला हसू आलं, तोंडातून बुडबुडे सुटले, आणि दोरी सुटली.

काठावर आला तेव्हा सगळे त्याच्याकडे पाहत होते. कपाळावरून, नाकावरून, कानांमागून काळे ओघळ पांढऱ्या शर्टावर उतरत होते. नीतूच्या आईने पदर ओठांवर धरला. लिलाधरने हात डोक्याकडे नेला. बोटं काळी झाली. आता लपवायला काही उरलं नव्हतं, आणि लाजेने त्याचे कान तापले होते. तेवढ्यात बाबा पाण्यातून वर आले. त्यांनी दगडावरचा दुपट्टा उचलला आणि लिलाधरचं तोंड पुसायला घेतलं. लहान पोराचं पुसतात तसं, नाक दाबून. ‘काय लावलं होतं गा?’ त्यांनी विचारलं. ‘पावडर,’ लिलाधर म्हणाला. ‘केसाची.’ बाबांनी दुपट्ट्यावरचा काळा डाग पाहिला. सगळ्या पाहुण्यांसमोर ते बोडक्या डोक्याने उभे होते, आणि डोक्यावरून पाणी निथळत होतं. ‘बाबा, दुपट्टा बांधा ना,’ लिलाधर हलक्या आवाजात म्हणाला, ‘लोक पाहून राहिले.’ ‘पाहू दे. दुपट्टा का लोकायसाठी बांधतो मी? उन्हानं टाळकं तापते म्हनून बांधतो.’ मग त्यांनी दुपट्टा लिलाधरच्या हातात दिला. ‘धर,’ ते म्हणाले, ‘जाळं ओढाचं आहे अजून.’ आणि पुन्हा पाण्यात गेले.

लिलाधर दुपट्टा छातीशी धरून उभा राहिला. घामाचा आणि बिडीचा तोच वास. एवढी वर्षं त्याने त्या कापडामागे एक लाज बसवून ठेवली होती, आणि ती लाज बाबांची नव्हतीच! सगळी त्याची स्वतःची होती. त्याचे डोळे भरून आले. चेहरा ओलाच होता म्हणून निभावलं. मोठी माणसं अवघडून दंडारीबद्दल बोलायला लागली, आणि नीतू दगडापाशी आली.

‘बायोडाट्यातला फोटो कवाचा आहे?’ तिने विचारलं.

‘तीन वर्साचा.’

‘मंग खाली लिवाचं ना तसं.’

‘लिवलं असतं तर तुमी आले असते का?’

‘ते आता कसं सांगू?’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘माह्याकडं रोज बुढे येतेत पेन्शनसाठी. अंगठा उमटत नाई, मंग चेहरा घेतो मी मोबाईलवर. आधारच्या फोटोत हे एवढे केस, अना समोर चकचकीत. मशीन तरीबी वळखते. ते केस पाहतच नाई. सरळ पाहा म्हनते, डोळे मिचकवा म्हनते, झालं.’

‘तुमाले राग नाई आला?’

‘आला ना. पावडरीचा आला. पन तुमी तिचा विचार करत उभे नाई राहिले, ते बी पाहिलं मी.’ तिने मोबाईल वर धरला. ‘नवा फोटो द्या. सरळ पाहा.’

लिलाधरचा हात सवयीने केसांकडे निघाला, अर्ध्यावर थांबला, आणि खाली आला. गार वारा बरोबर टाळूवर लागत होता. ‘डोळे मिचकवा,’ नीतू म्हणाली. त्याने मिचकावले. ती पहिल्यांदाच हसली, आणि मोबाईल त्याच्यासमोर धरला. फोटोत एक ओला माणूस होता, कपाळ मोठं, कानामागे काळा ओघळ राहिलेला, हातात लाल दुपट्टा. तो पाहून लिलाधरला कीव आली नाही. मागे तलाव आला होता, आणि पाण्यावर ठिपक्यांएवढी डोकी. नीतूने मोबाईल बाजूला करून खऱ्या तलावाकडे पाहिलं. जाळं अजून निम्म्यावरच होतं, माणसं लांब होती, ऊन वर आलं होतं.

‘तुमचे बाबा कोनते यातले?’ तिने विचारलं. ‘मले तर सारे सारखेच दिसून राहिले.’

‘तो चमकते ना,’ लिलाधर म्हणाला, आणि मग त्याला वाटलं की हे पुरेसं मोठ्याने झालं नाही. त्याने हात उंच करून बोट दाखवलं आणि पुन्हा सांगितलं, पारीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. ‘तो टकला दिसते ना तिकडं, तो माहा बाप होय!’

पाण्यावरून आवाज लांब गेला. आणि बारा डोक्यांतलं ते एक डोकं वळलं.